पत्ता बदलण्याचा सुरक्षित मार्ग

३ जून, सोमवार
ताईचं चष्म्याचं दुकान शनिवारी नव्या जागेत जातंय. वेबसाइटवरचा पत्ता बदलायचं काम माझ्याकडे. नाही बदलला तर गिऱ्हाइकं जुन्या जागी येणार आणि थेट समोरच्या चष्मेवाल्याकडे शिरणार. वेबसाइट सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये जाऊन एक ओळ बदलली की झालं, पण ते कुणीही करेल. मी एसएसएचने करणार. घरी बसून थेट सर्व्हरला हुकूम सोडायचे, मधे कुणी चोरून ऐकू शकत नाही. ताई म्हणाली, अरे, दुकानाचा पत्ता कुणी चोरून ऐकला तर चांगलंच की!
तिला सिक्युरिटीची जाण नाही.

४ जून
सर्व्हरने विचारलं, या यंत्राची ओळख पटलेली नाही, तरी पुढे जायचं? खाली ओळखीची लांबलचक अक्षरं. अनोळख्याला एकदम 'येस' म्हणणाऱ्यांतला मी नाही.
दुपारी: होस्टिंगच्या मदतकेंद्राला फोन करून एकेक अक्षर वाचून दाखवलं. कॅपिटल, स्मॉल, सगळं स्पष्ट. तिथली बाई म्हणाली, दादा, जुळतंय, मघाशीच कळलं. तरी शेवटपर्यंत वाचलं. अर्धवट काम मला जमत नाही. (डिप्लोमा वेगळा.)

५ जून
'येस' दिलं. पासवर्ड टाइप करतोय, तर स्क्रीनवर काही उमटतच नाही. कीबोर्ड गेला.
भावजींच्या ऑफिसचा कीबोर्ड लावला. तोही गेला! घरातलं वायरिंग तपासायला हवं.
दोन्हींवर आलटून पालटून जोरात प्रयत्न केले. संध्याकाळपासून घरात ताईची वेबसाइटच उघडत नाही.

६ जून
मदतकेंद्र म्हणतं, पासवर्ड टाइप करताना दिसत नसतोच. आणि मी इतके चुकीचे पाठवले, की सर्व्हरने आमच्या घराला हल्लेखोर समजून बंदी घातली.
म्हणजे सिक्युरिटी चोख आहे, हे मी स्वतः तपासलं. ताईला तसं सांगितलं. ती मोबाइल घेऊन चहा ठेवायला गेली. भावजी म्हणाले, माझा कीबोर्ड आण इकडे.

७ जून
बंदी उठली. आत शिरलो! पण आधी बंदोबस्त, मग पत्ता. पासवर्डचा रस्ता मदतकेंद्राकडून बंद करून घेतला. आता एसएसएचने फक्त माझ्या किल्लीने आत जाता येईल. ही किल्ली म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरची एक फाइल. तिलाही एक भलंमोठं गुप्त वाक्य लावलं. विसरू नये म्हणून ते सगळ्यांत सुरक्षित जागी लिहून ठेवलं. सर्व्हरवर. मग सर्व्हरमधून बाहेर पडून चहाला गेलो.
संध्याकाळी: परत आत जायला कॉम्प्युटर गुप्त वाक्य मागतोय.

८ जून, शनिवार
ताई अजिबात रागावली नाही. पुठ्ठा आणि मार्कर दिला. म्हणाली, जुन्या दुकानाच्या दारात उभा राहा, येईल त्याला नवा पत्ता दाखव. योग्य निर्णय. यंत्रापेक्षा माणूस खात्रीचा. पत्ता सुबक अक्षरांत लिहिला, पिनकोडसह.
दुपारी: एकही गिऱ्हाईक नाही. ऊन असेल. समोरच्या चष्मेवाल्याने बसायला खुर्ची दिली.
संध्याकाळी: अखेर एक आजोबा थांबले. पुठ्ठा पुढे केला. म्हणाले, ठाऊक आहे रे, परवाच वेबसाइटवर वाचलं. मी शेजारी औषधं घ्यायला आलोय.
परवा?
ताईला फोन केला. म्हणाली, मोबाइलवरून पॅनेलमध्ये गेले आणि बदललं, चहाला उकळी येईपर्यंत झालंसुद्धा. मग मला इथे कशाला उभं केलंस? तर म्हणाली, राजा, आज नवीन दुकान लावायचं होतं. तू लांब बरा.
खुर्ची परत केली. घरी येऊन वेबसाइट पाहिली. पत्ता बरोबर आहे.
पिनकोड मात्र नाही टाकलेला.