यादीतले दोन लोटन बाविस्कर

शुक्र., ९ जाने.
मार्केटमधून सातला घरी. दिवसभर साड्यांची बिलं टाकून डोळे चुरचुरत होते, तरी मंडळाचं काम पुढे घेतलं. १८ ला, रविवारी, सुरतेतल्या खान्देशी माणसांचा सत्कार आहे. सन्मानपत्रं माझ्याकडे. बाराही झाली. अध्यक्ष अण्णांचा फोन : "पोरी, पत्रिका छापून आल्या. एकदम झकास!" कुणी कौतुक केलं की मला लगेच वाटतं, कुठेतरी चुकलंय. जेवताना पण तेच.

शनि., १०
चुकलंच आहे.
पप्पांना एक पत्र वाचून दाखवत होते. 'माजी नगरसेवक लोटन बाविस्कर. लिंबायतला पाण्याची टाकी आणली, शिवाय दर रविवारी भेस्तानच्या विहाराबाहेर बसून हजारो लोकांचे फॉर्म विनामूल्य भरून दिले.' पप्पा हसायलाच लागले. "नगरसेवक कवय फॉर्म भरस? तो दुसरा लोटन शे!"
अण्णांच्या हातची मूळ यादी काढली. वर लोटन बाविस्कर (टाकीवाले). सात नावं खाली लोटन बाविस्कर (फॉर्मवाले). सन्मानाच्या यादीत असली टोपणनावं बरी दिसत नाहीत म्हणून सगळे कंस मीच काढले होते. मग तेच नाव दोनदा आलेलं दिसलं. एक खोडलं, कामं एकत्र केली. केवढी व्यवस्थित मी!
इथे यापुढे : लो. १ (टाकी), लो. २ (फॉर्म).

रवि., ११
आईला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तुना फॉर्म बी त्यासनीच भरेल शे."
मला माहीतच नव्हतं. कडोदऱ्याला आमच्या खोल्या सारख्या बदलायच्या, म्हणून आठ वर्षांची होईपर्यंत आईनेच घरी शिकवलं. पप्पा रात्रपाळी करून झोपलेले असायचे, म्हणून पाढेसुद्धा कुजबुजत. मग इथे आलो तर शाळा म्हणे, पहिलीत बसवा. लो. २ यांनी अर्ज लिहिला : मुलगी घरी शिकली आहे, आधी परीक्षा घ्या, मग वर्ग ठरवा. तिसरीत बसले.
जन्मतारखेचंही. आईला पोळ्याचा आदला दिवस एवढंच आठवत होतं. शाळेतून सांगितलं, १ जून टाका, सगळे तीच टाकतात. लो. २ म्हणाले, मी अंदाजाने लिहीत नाही. पप्पांना रजा टाकायला लावून गावी दाखला आणायला धाडलं.
म्हणजे माझ्या प्रत्येक कागदावर जी तारीख आहे ती खरी आहे, त्यांच्यामुळे. आणि मी त्यांचंच नाव…

सोम., १२
अण्णांकडे गेले. बोलताना तत पप होईल म्हणून लिहून नेलं होतं, तेच वाचलं. रागावले नाहीत, पण कपाळाला हात लावला. "नगरसेवक साहेबांना पत्रिका गेली. सन्मानपत्राचा मजकूर सगळ्या ग्रुपवर फिरला. आता त्यांना सांगू, तुमचं अर्धं काम दुसऱ्याचं आहे म्हणून?"
"मी सांगते."
"तू? तू तर रिक्षावाल्याला सुट्टे मागत नाहीस!"
खरं आहे. तरी ठरलं : साहेबांना मी सांगायचं. आणि लो. २ यांचं सही केलेलं संमतीपत्र शनिवारपर्यंत आणलं तर तेरावा सत्कार होईल.

बुध., १४, उत्तरायण
पप्पांबरोबर लो. १ यांच्या गच्चीवर. सून पतंग उडवत होती, साहेब फिरकी धरून. हातात ऊंधियूची ताटली आली, त्यामुळे कागद काढता येईना. शेवटी पप्पांनी ताटली धरली.
साहेबांनी पूर्ण वाचलं. मग एकदम हसले. "मी फॉर्म भरले? बेन, माझं अक्षर पाहिलंय? निवडणुकीचा माझा पहिला फॉर्म त्यानेच भरलाय! मी मालमत्तेत म्हैस लपवत होतो. म्हणाला, म्हैस लिहायची नसेल तर दुसऱ्याकडून भरून घ्या. लिहिली म्हैस!"
मग कागद परत देत : "वाक्य राहिलं असतं तर आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. काढ."
पप्पा : "साहेब, राग नही ना?"
"वांधो नहीं. पण त्याचा सत्कार माझ्या आधी घ्या. मागून घेतला तर उरलेली शाल दिल्यासारखं दिसेल."
माणसं किती बरी असतात. मी आधीच घाबरून त्यांना वाईट करून ठेवते.

गुरु., १५
भेस्तान. लो. २ घरीच होते. जय भीम म्हटलं, बसले, सगळं सांगून टाकलं, खोडल्याचं सुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "एका नावाचे दोन अर्ज आले, तर एक रद्द करण्याआधी वडिलांचं नाव बघायचं. एवढंच."
जन्मतारखेबद्दल आभार मानले. त्यांना काहीच आठवलं नाही. "कितीतरी पोरी होत्या. तारीख खरी निघाली ना? मग झालं."
"काका, रविवारी याल ना?"
"सत्कार कशाचा? लिहिता येत होतं, लिहिलं." संमतीपत्र आणि नव्या सन्मानपत्राचा मसुदा मात्र ठेवून घेतला. वाचल्याशिवाय ते काही परत देत नाहीत.

शनि., १७
भेस्तानला जाऊन कागद घेऊन आले. मसुद्यात 'गोरगरिबांचे कैवारी' खोडलंय. 'हजारो'च्या जागी 'बरेच'. 'विनामूल्य'च्या पुढे बारीक अक्षरात : 'चहा घेत असे.' प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही. इतका बरा मसुदा मी कधी लिहिला नव्हता.
संमतीपत्र पूर्ण भरलेलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय. सहीची जागा रिकामी.
"काका, सही राहिली."
"सही कागद घेणाऱ्याच्या समोर, तिथेच करायची असते. आधी करून ठेवलेली मी कुणाचीच चालू दिली नाही."
"म्हणजे येणार?"
"गुडघा काय म्हणतो बघू."
आतून काकू : "गुडघ्याचं राहू द्या, सदरा इस्त्रीला दिलाय का ते सांगा!" ते चष्मा पुसत राहिले.
अण्णांचा फोन. "सही आणली?" नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं.
"मग शाल तेरावी घेऊ का नको?"
"घ्या."
पिशवीत संमतीपत्र ठेवलं. दोन पेनं. दोन्ही चालवून पाहिली.