कॉलरचं बटण

दादा,

तोंडावर बोलायला गेले की तू शिलाई मशीन सुरू करतोस, म्हणून लिहितेय. माझ्या थायरॉईडमध्ये गाठ निघाली, तेव्हा "बायकांचे आजार" म्हणून तू हात झटकलेस. अरे, डॉक्टरबाई म्हणाल्या, बायकांत जास्त आढळते, पण पुरुषही सुटत नाहीत. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब वाढलेल्यांत अशा गाठी जास्त दिसतात. तुझं तर तिन्ही वाढलंय! माझी गाठ साधी निघाली, पण तपासली म्हणून कळलं ना?

साऱ्या जगाच्या गळ्याची मापं घेतोस, स्वतःच्या गळ्याला टेप लावायला काय धाड भरलीय? वर तोरा असा, की "माझी कॉलर अजून सोळाच!"

सोळाच कशी राहील? तुझी कुरकुर नको म्हणून वर्षभर मीच गुपचूप तुझ्या कॉलरची बटणं कडेला सरकवून ती सैल करतेय. चुकलंच माझं.

हे पत्र दिलं, तर त्याच्या पाठीवर तू कुणाच्या तरी छातीचं माप लिहिशील. म्हणून देत नाही. तुझ्या सगळ्या शर्टांच्या कॉलरची बटणं मात्र आज मूळ जागी लावलीत. उद्या गळा आवळला की बोंबलत माझ्याकडेच येशील.

डॉक्टरबाईंची अकराची वेळ घेऊन ठेवलीय.

तुझी काजं-बटणं करणारी,
धाकटी