मावशीचं घर आणि माझं अर्धं उत्तर

आई, तू गेल्यावर मला भाकरी थापायला शेजारच्या मावशीनं शिकवलं. तुझ्या आजारपणात ती रोज आपल्या चुलीपाशी येऊन बसायची. एकदा तिची भाकरी जाड आहे म्हणून मी ताट सरकवलं, तेव्हा तू अंथरुणातून मला अशी बोललीस की मी रडत तिच्या पाया पडले. आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

मी आता गावातून रोज जाऊन-येऊन केजला विम्याचं काम करते, घरांच्या पॉलिसी काढते. अंगणवाडीतली नोकरी संपल्यावर मावशीनं आपल्या घराच्या पुढं, गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. जागा काळ्या रानातली, खोलगट. मुरुमाचा भराव टाकून त्यावर जोतं घेतलं. मी तिच्या ओसरीवर बसून पॉलिसी समजावत होते, ती शेंगा सोलत होती. तिनं एकच विचारलं, "काळ्या मातीतलं घर हाय. उद्या भिंती उलल्या तर मिळंल का?" जमीन खचली तर भरपाई आहे, हे मला पाठ होतं. मी तेवढंच सांगितलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं. तिनं पुढं काही विचारलं नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता.

मग एक उन्हाळा लई कडक गेला आणि त्यामागून पाऊस हटेना. उन्हात भेगाळलेली माती पाणी पिऊन फुगली, खालचा भराव दबला आणि मागच्या खोलीची भिंत चौकटीपासून जमिनीपर्यंत उलली. कंपनीचा माणूस आला, बघून गेला. जमीन खचणं वेगळं, म्हणाला. नव्या बांधकामाचं बसणं, भराव दबणं, त्यानं पडलेले तडे, हे पॉलिसीत येत नाही. पॉलिसीत ते लिहिलेलंच होतं, त्याच कलमात, पुढच्या ओळीला. मी तिथवर कधी वाचलंच नव्हतं. मावशीला सांगायला गेले तर तिनं आधी माझ्यासाठी चहा ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला ठावं असतं तर तू सांगितलं असतंस." त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता ती पुढच्याच खोलीत निजते. जोत्याभोवती फरशी टाकून आम्ही पाणी लांब काढून दिलं. तडा वाढायचा थांबला, पण भिंत तशीच आहे.

तेव्हापासून मी गावोगाव बचतगटांच्या बैठकांना जाते. विम्यात काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही ते आधी सांगते. घर बांधायच्या आधी माती बघा, भराव नीट दाबून घ्या, विमा घेताना कंपनीकडून उत्तर लिहून मागा. बायका ऐकतात, परत बोलावतात. लोक म्हणतात, ही बाई खरं बोलते. या बैठकांत मी "एका बाईचं घर" म्हणून मावशीचीच हकिकत सांगते.

गेल्या आठवड्यात बैठक आपल्याच गावात होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती. माझी हकिकत संपली तशी नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून विचारती झाली, "त्या बाईला पॉलिसी कुणी दिली होती?" मी मावशीकडं बघितलं. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "ते कावून पायजे तुला? पुढं काय करायचं ते आईक." बायका हसल्या, आणि मी पुढचं सांगायला लागले.

बैठकीहून चालत घरी येताना तू आठवलीस. मावशीनं मला झाकलं तेव्हा लाज वाटली, असं लिहिणार होते. तसं झालं नाही, आई. लाज नंतर आली. आधी सुटल्यासारखं वाटलं. हे खरं तर मावशीपुढं बसून बोलायला हवं. ती चार घरं सोडून राहते, आणि अजून जागी असेल. तू काही विचारणार नाहीस, म्हणून तुला लिहिते आहे.