बाराव्या पानावरचं घर

१६ सप्टेंबर २००६, शनिवार

माझी जोडी लागली — म्हातारीशी!

चार वाजता संध्याकाळच्या शिफ्टची पोरंपोरी आयटी पार्कच्या गेटवर सोडली की सातच्या ड्रॉपपर्यंत गाडी उभी. तेवढा वेळ मी खराडी गावठाणातल्या वाचनालयात बसतो. पंखा फुकट आहे म्हणून. आता दिवाळीपर्यंत तिथं कार्यक्रमच कार्यक्रम — भोंडला, कोजागिरी, दिवाळी अंकांचं प्रदर्शन. आणि दर शनिवारी पाच ते सहा, ज्यांची नजर गेली त्यांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. शालनताई, ज्या वाचनालय सांभाळतात, त्या म्हणाल्या, "मच्छिंद्र, रोज बसतोस. एक वाचणारा कमी पडतोय." म्हटलं, ताई, सातवी पास आहे, तीही ढकलत ढकलत. "मग काय झालं? ऐकणारे परीक्षा थोडीच घेणारेत!"

घेतलीच परीक्षा. वेणूबाई नाव. काळा चष्मा, काठी, पाठ एकदम सरळ. काचबिंदूनं डोळे गेलेत. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. त्यांनीच पुस्तक सांगितलं — तिसरं कपाट, जुनी कादंबरी, हिरवा पुठ्ठा. एक माणूस घोडागाडीत बसून कोकणातल्या आपल्या गावाला परत निघालाय. एवढंच कळलं. एकेक शब्द आगगाडीएवढा लांब! एक पान वाचायला अर्धा तास. घाम फुटला.

"गाडी घाटात आहे का रे?" वेणूबाई म्हणाल्या. "चढत नाहीये, म्हणून विचारलं."

शालनताईंनी ही डायरी दिली. म्हणाल्या रोज चार ओळी लिही, वाचणं आपोआप सुधारेल. बघू.

१९ सप्टेंबर

आज दिवसभरात माझ्याशी बोललेले शब्द — "भैया, एसी बढ़ाओ." बस.

खोलीवर संपत असतो, तोही ड्रायव्हरच, पण त्याची नाइट. मी जातो तेव्हा तो निघालेला असतो. त्याचं अंथरूण तेवढं दिसतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

आज भलतंच केलं.

चौथ्या पानावर एक शब्द अडला. तीनदा धडक मारली. वेणूबाई थांबल्यात, बाजूचा पोरगा हसतोय — मी मोठा श्वास घेतला आणि दिली ठोकून! मनानंच. म्हणजे पुस्तकाकडे बघत राहिलो, पान पण उलटलं, पण बोललो ते माझंच. तो माणूस नदीवर आला, पूर आला होता, डोंगेवाला म्हणाला उद्या ये. मग तो काठावर बसला आणि पलीकडच्या गावातले दिवे बघत राहिला.

वेणूबाई पुढं सरकून बसल्या. एकदाही टोमणा नाही. सहा वाजले तर म्हणतात, "मग? नदी ओलांडली का त्यानं?"

म्हटलं पुढच्या शनिवारी.

तीन वर्षांत माझं पुढचं कुणी विचारलं नव्हतं.

२७ सप्टेंबर

वाचनालयात भोंडला. फक्त बायकांचा, म्हणून मी पायरीवर. आत पाटावर हत्ती काढलेला, भोवती फेर. खिरापतीचा डबा हलवून हलवून ओळखत होत्या — चिवडा का, लाडू का. आमच्याकडं पवनीला या दिवसांत भुलाबाई असते. माय पण असाच डबा लपवायची. मी आवाजावरून ओळखायचो, तरी मुद्दाम चुकायचो.

शालनताईंनी वाटलीडाळ बाहेर आणून दिली. खाल्ली. गाडीत जाऊन बसलो.

३० सप्टेंबर, शनिवार

आज पुस्तक नुसतं धरायला. पाचला आधी एक ओळ खरी वाचतो, मग श्वास, मग आपलं चालू. तो माणूस नदी उतरला. धानाच्या बांध्यांमधून चालला. त्याला आठवलं — भर बाजारात मोठ्या भावानं कानाखाली वाजवली होती, सगळे बघत होते, आणि तो तसाच बसमध्ये चढला होता. पुस्तकात घोडागाडी आहे हे विसरलो. बस म्हणालो!

वेणूबाई म्हणाल्या, "कोकणात बोड्या असतात का रे?"

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. तोंडातून निघून गेलं होतं.

"लिहिलंय तसं वाचतो जी मी."

"असं? फिरलेला लेखक दिसतोय."

६ ऑक्टोबर, कोजागिरी

सातचा ड्रॉप संपतला करायला सांगितला आणि थांबलो. वाचनालयाच्या गच्चीवर कार्यक्रम. कुणी कविता म्हटल्या, कुणी गाणी. सगळे आपापल्या घोळक्यात. मी टाकीपाशी उभा होतो, तर लांबून हाक — "मच्छिंद्रा, उभा आहेस ना कुठंतरी? इकडे ये. चंद्र कसा आहे सांग."

सांगितलं. आयटी पार्कच्या काचांवर पण एक आलाय, तो जरा वाकडा आहे. वेणूबाई हसल्या. मसाला दुधाचा पेला त्यांच्या हातात दिला.

एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत होत्या. कोजागिरीला, दिवाळीला ट्रंक कॉलची ही गर्दी. लोक तास तास थांबायचे तीन मिनिटं बोलायला. "पुढं गल्लोगल्ली एसटीडी आले आणि आमची गरजच संपली. पण कान राहिलेत. खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, बरं का. तारेवरून सुद्धा ऐकू येतो."

मी पेल्यातली साय बोटानं बाजूला केली.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही," म्हटलं. दूध प्यायलो. थंड झालं होतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

मेलो!

वाचन झालं. तो माणूस गावाच्या वेशीपर्यंत आणला, पण आत नेता येईना. काय सांगू? आई दारात असेल? भाऊ काय म्हणेल? मला कुठं माहीत! तेवढ्यात शालनताईंनी सगळ्यांना थांबवून सांगितलं — पुढच्या शनिवारी, चौदा तारखेला, दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाला नगरसेवक येणार, बरीच माणसं येणार. तेव्हा ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी उभं राहून पाच मिनिटं आपल्या पुस्तकाबद्दल बोलायचं.

वेणूबाई म्हणाल्या, "माझं नाव पहिलं लिही गं शालन."

म्हणजे आता ही बाई चारचौघांत उभी राहून सांगणार — धान, बोड्या, बस! ते पुस्तक तिथल्या निम्म्या लोकांनी वाचलेलं असणार. हसतील. म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. आणि माझ्यामुळं!

१० ऑक्टोबर

त्यांच्या सोसायटीच्या खाली गेलो होतो सांगायला. बेलवर बोट ठेवलं. काढलं. परत आलो.

सांगितलं तर शनिवार संपला. नाही सांगितलं तर त्यांची इज्जत गेली.

१२ ऑक्टोबर

आज संपतची सुट्टी, म्हणून भेटला. म्हणाला, सुरतला गाड्या लावतायत, दिवाळीनंतर निघू. "तुझं काय अडलंय इथं?" नागपूर सोडलं, नाशिक सोडलं, तेव्हा काही अडलं नव्हतं. एक पिशवी भरली की झालं. "हो" म्हणालो. मग त्याला सगळं सांगितलं. लोळून लोळून हसला. "अबे, म्हातारीला चुना लावला तू!"

चुना नाही लावला. कसं सांगू त्याला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

गेलो होतो. मागं, दाराला टेकून. टेबलावर नवे अंक मांडलेले, कोऱ्या कागदाचा वास. हॉल भरलेला. ठरवलं होतं, त्यांच्या आधी आपणच बोलायचं — थांबा, चूक माझी आहे म्हणून. शालनताईंनी नाव घेतलं. वेणूबाई काठी टेकत उठल्या. गळा साफ केला.

मी पळालो. गाडी काढली ती मुंढव्याच्या पुलावर थांबवली.

सातच्या ड्रॉपला वीस मिनिटं उशीर. शिव्या खाल्ल्या. बऱ्या वाटल्या.

१५ ऑक्टोबर

आता गेट बदलून घेतलंय. वाचनालयाच्या रस्त्यानं जातच नाही.

१८ ऑक्टोबर

चहाच्या टपरीवर शालनताईंनी गाठलं. पळायला जागा नव्हती.

"काय रे, कुठं गायब? वेणूबाई किती छान बोलल्या! पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत. त्या माणसाची बायको, ते खाडीवरचं वादळ, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि म्हणाल्या, माझ्या वाचणाऱ्याचा आवाज फार चांगला आहे."

बायको? वादळ? मी तर चौथ्या पानाच्या पुढं गेलोच नाही!

"अरे, पण तुला कुठून माहीत असणार," ताई म्हणाल्या. "डोळे होते तेव्हा दर दिवाळीत तेच पुस्तक न्यायच्या. तोंडपाठ आहे त्यांना."

चहा सांडला. टपरीवाला म्हणाला, "पायांना पाजताय का?"

म्हणजे पहिल्या थापेपासून कळलं होतं त्यांना. पहिल्या श्वासापासून.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शनिवार. वाचनालय बंद, तरी पाचला गेलो. पायरीवर वेणूबाई बसलेल्या, काठी मांडीवर.

"पुस्तकातला बाराव्या पानावर घरी पोचतो," म्हणाल्या. "तुझा अजून वेशीबाहेरच उभा आहे. फोन दे तुझा. नंबर सांग."

गावी शेजारच्या राधाकाकूंकडं फोन आहे. नंबर पाठ होता, कधी लावला नव्हता. सांगितला. गाव पवनी एवढं म्हटलं, तर कोड विचारला पण नाही, आधीच दाबला होता. बोटं एकदाही अडखळली नाहीत. मग वेणूबाईंच्याच तोंडून एकदम वेगळा आवाज, एक्स्चेंजमधल्या तरुण बाईचा — "पुण्याहून कॉल आहे. मच्छिंद्रच्या आईला बोलवा. हो, लाइन धरलीये."

बराच वेळ. मग फोन माझ्या कानाला लावला.

"श्वास घेऊ नकोस," म्हणाल्या. "नुसतं बोल."