केबिनमधला गोड वास

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही आला. वखारीतून फळ्या भरून निघालो, चढाला लागलो, गारठा वाटला म्हणून हीटर लावला, आणि पाच-दहा मिनिटांत तोच वास. गोड. पाक उकळत ठेवल्यासारखा, पण तोंडाला पाणी न सुटणारा. त्याच्या मागे एक जळकट वास, तो वेगळा. सत्तावीस वर्षं या ट्रकमध्ये बसतोय. डिझेलचा, ओल्या लाकडाचा, माझ्या स्वतःच्या घामाचा – सगळे ओळखीचे. हा गोड मात्र पाहुणा आहे.

शनिवारी मुलाला सुट्टी असते, तेव्हा तो सोबत येतो. परवा शेजारी बसला होता. विचारलं, "येतोय का?" त्याने काच वर केली, डोळे मिटले, दोनदा हुंगलं. "नाही बाबा. काहीच नाही."

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना मुलाने विषय काढला. "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"नाकाला काय धाड भरलीय माझ्या?"

"नाकाला नाही."

मग ताटातलं नुसतं चिवडत बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आईचंही असंच सुरू झालं होतं."

सूनबाई पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

जायच्या आधीची दोन वर्षं आमची ही दारात नसलेल्या माणसांना 'बसा' म्हणून खुर्ची द्यायची. ते मला आठवतं. त्यालाही आठवतं. म्हणून धड रागावताही येईना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. मान खाली घालून लिहीत नाहीत, तोंडाकडे बघून बोलतात. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला येतो हा वास?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "मी दोनदा बसून बघितलं. नाही येत."

त्या म्हणाल्या, कधी कधी बाहेर काही नसतं, मेंदूच वास तयार करतो. तपासण्या करू. घाबरू नका. तोवर गाडी चालवणं बंद.

किल्ली मुलाच्या खिशात गेली. वखारवाल्याला फोन करून सांगितलं, थोडे दिवस नाही जमणार. "तब्येत?" म्हणाला. मी म्हटलं, "गाडीची." खोटं बोललो की खरं, मलाच ठाऊक नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी चालवायला मनाई आहे. गाडीखाली झोपायला नाही!

खोक्यांचे पांढरे पुठ्ठे कापले आणि अंगणात गाडीखाली अंथरले. एक इंजिनाखाली, एक गिअरबॉक्सखाली, एक मागच्या आसाखाली, एक रेडिएटरखाली. कडेला पेनने जागा लिहिल्या. उठताना कंबरेने जाब विचारला. सूनबाई खिडकीतून बघत होती. थोड्या वेळाने एक जुनी सतरंजी आणून दिली, पाठीखाली घ्यायला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुठ्ठ्यांचा निकाल. इंजिनाखाली काळे पातळ थेंब, म्हणजे इंजिन ऑइल. मागच्या आसाखाली तपकिरी, चिकट, नाक धरावं असा सडक्या लसणासारखा वास. ते गिअरचं तेल. गिअरबॉक्सखालचा आणि रेडिएटरखालचा पुठ्ठा कोरा.

मिस्त्रीला बोलावलं. वीस वर्षं तोच या गाडीला हात लावतोय. त्याने इंजिनावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, दाखवलं. पॅकिंग कडक होऊन तडकलेलं, तिथून तेल झिरपून सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडत होतं. जळकट वास तो. म्हणजे तो होताच. माझ्या डोक्यातला नव्हता. मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं झालं, सापडला."

१२ नोव्हेंबर, बुधवार

मिस्त्रीने पॅकिंग बदललं, मागच्या आसाचं सीलही बदललं. तो गेल्यावर मुलाने स्वतः गाडी सुरू केली, मी शेजारी. जळकट वास गेला होता. वाटलं, सुटलो. म्हणून हीटर लावून बघितला. इंजिन तापलं, आणि आला. गोड. पूर्वीपेक्षा जास्तच.

"येतोय," मी म्हणालो.

त्याने खूप वेळ हुंगलं. अगदी मनापासून. मग इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "बाबा, गळती सापडली, दुरुस्त झाली. आता तरी..."

मी दार उघडून उतरलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सूनबाईला विचारायला काय हरकत आहे, असं दिवसभर मनात. विचारलं नाही. तीही 'नाही' म्हणाली तर? मग मला स्वतःचंच पटवून घ्यावं लागेल. आरशासमोर उभं राहून हिचं नाव, मुलाची जन्मतारीख, गाडीचा नंबर म्हणून बघितलं. सगळं बरोबर. पण हीसुद्धा शेवटपर्यंत नावं बरोबर सांगत होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चहा घेताना सुचलं. नाकाचा पुरावा कुणी मानणार नसेल, तर असा पुरावा हवा ज्याला नाकच लागत नाही.

गोड वास कशाचा असतो? इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या कूलंटचा. कूलंट गळतंय, पण खाली पुठ्ठा कोरा. म्हणजे बाहेर गळत नाहीय. आणि वास येतो तो हीटर लावल्यावरच; तेच तापलेलं कूलंट हीटरच्या जाळीतून फिरतं आणि केबिन गरम करतं. कुठेतरी पाणी मुरतंय – अगदी शब्दशः.

गाडी सुरू करायला किल्ली हवी. मुलगा ऑफिसला गेलेला. सूनबाई शिलाई मशीनवर होती. मी नुसता दारात उभा राहिलो. तिने मान वर न करता ड्रॉवर उघडला आणि मुलाने तिच्याकडे दिलेली किल्ली टेबलावर ठेवली. "अंगणातच हं बाबा. फाटकाबाहेर नाही."

"शब्द दिला."

कूलंटच्या बाटलीवर पेनने रेघ मारली. हीटर लावून तासभर गाडी चालू ठेवली आणि दार उघडंच ठेवलं, वास डोक्यात चढून भलतं काही वाटायला नको म्हणून. मग इंजिन पार गार होऊ दिलं.

कूलंट रेघेच्या खाली. बोटभर.

समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलं. चिकट, तेलकट पापुद्रा. शेजारच्या सीटपुढची चटई उचलली. खाली ओल. कोरा पुठ्ठा दाबला तर फिकट हिरवा डाग उठला.

त्या पुठ्ठ्यावर तारीख घातली. अक्षर वळणदार आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सावकाश लिहितो.

मिस्त्री दहाला आला. मुलगा घरीच होता. मी पुठ्ठा पुढे केला. मुलाने तो उलटा करून बघितला, सरळ करून बघितला.

मिस्त्रीने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला. काटा चढला. आम्ही तिघं काट्याकडे बघत उभे, जणू निकाल लागायचाय. काटा हळूहळू खाली सरकायला लागला. मिस्त्री गाडीखाली वाकला – ठणठणीत कोरडं. "काका," तो म्हणाला, "हे आत जातंय."

डॅशबोर्डखालचं झाकण काढायला अर्धा तास गेला. एक स्क्रू गंजलेला, त्याने फार छळलं. झाकण निघालं आणि आतली हीटरची जाळी दिसली. खालच्या कोपऱ्यात सांधा फुटलेला. तिथे एक हिरवा थेंब जमला, फुगला, पडला. मग दुसरा.

मी थेंब मोजत बसलो. आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं म्हटलं तर लोक हसतील. इथे कोण वाचतंय.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. केबिनच्या दारापाशीच थबकली. "अगंबाई, कसला हा गोड गोड वास?"

जाळी फुटलेली सापडल्याचं कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "चांगला घमघमाट सुटलाय की." मी मुलाकडे बघितलं. तो आत वाकला, जाळीच्या अगदी जवळ. बराच वेळ तसाच. मग बाहेर येऊन म्हणाला, "हो. येतोय, बाबा. चुकलंच माझं." आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्याला उठवलं. डोळे पुसायला माझ्याकडे तेलाच्या फडक्याशिवाय काही नव्हतं, तेच वापरलं. गालावर काळा पट्टा घेऊन दिवसभर हिंडलो, कुणी सांगितलं नाही.

मिस्त्री जाताना म्हणाला, "काका, उद्यापासून गॅरेजवर येऊन नुसते हुंगत बसा. माझं निम्मं काम होईल."

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवीन जाळी बसली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं सविस्तर सांगितलं. त्या हसल्या. "तुमच्या मेंदूपेक्षा तुमच्या गाडीची तपासणी आधी करायला हवी होती." गाडी चालवायला हरकत नाही म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वखार. चढ. हीटर पूर्ण लावला. वास? लाकडाचा. फक्त लाकडाचा. चढावर मोठ्याने गाणं म्हटलं. सूर लागला नाही. कशाला लागायला हवा?

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मुलगा माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. खुर्ची असून उभाच राहिला.

"आज दूध करपलं. भांडं काळं पडलं. ती आतून धावत आली. मी ओट्यापाशीच होतो बाबा, पाठ करून. मला कळलंच नाही."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"रविवारीही मला काही आलं नव्हतं. तुम्हा तिघांना येत होतं, म्हणून हो म्हणालो." खाली बघत होता. लहानपणी ताप अंगावर काढायचा, तेव्हा असाच बघायचा. "डॉक्टरीणबाईंनी दहाला बोलावलंय. तुम्ही याल?"

मी सदरा चढवला. म्हटलं, "चल. गाडी मी काढतो."