खिडकीतून दिलेली वायर

प्रिय आई,

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. एमिलच्या ऑक्सिजन मशीनचा हिरवा दिवा बघत बसते. डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं, पण मशीन बंद पडता कामा नये असं दोनदा बजावलं, आणि इथे राजधानीत लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. तू काळजी करू नकोस. पोर दूध पितंय. तू विणलेलं टोपडं आता घट्ट होतंय. हसला की बाबांसारखा एका गालानेच हसतो.

फाउस्तोदादाने सांतियागोहून येऊन इन्व्हर्टर बसवला ते तुला कळवलं होतंच. कॅलेंडरचं पान उलटं करून त्याने सगळं मांडलं. मशीन, एक पंखा, दोन बल्ब, बस्स. चार बॅटऱ्या, लाईट गेली तर सहा तास चालणार, आली की आपोआप भरणार. मी विचारलं, आणि फ्रिज? तर म्हणाला, फ्रिजला श्वास घ्यायचा नसतो. तुझा मुलगा तिरकाच बोलतो.

एक सांगायचं राहिलं होतं. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे इन्व्हर्टर, त्याने शेजारी एक वायर द्यायची, हे ठरलेलंच. शेजारच्या डोन्या तिताने खिडकीतून वायर टाकली, मी लावून दिली. एक बल्ब पेटवीन म्हणाली. नाही कशी म्हणू? मी महिनाभर दवाखान्यात होते तेव्हा आमची मोठी तिच्याकडेच जेवली, तिच्याच कुशीत झोपली. दादाने ते पाहिलं आणि तिच्यासमोरच पिन उपटली. म्हणाला, "शेजारधर्म सरकारी लाईटवर कर, युदेल्का. पोराच्या बॅटरीवर नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तू भाऊ नाहीस, मेकॅनिक आहेस. मजुरी सांग आणि चालता हो." त्याने एक पैसा घेतला नव्हता आई. हत्यारं पेटीत टाकली, समोरची कॉफी तशीच ठेवली आणि गेला. मी पिन परत लावली. त्याला काम फार आहे असं तुला सांगितलं होतं, ते खोटं.

शनिवारी दुपारी लाईट गेली. तिताची भाची केस सरळ करून देते, आणि रविवारी चर्चला जायचं म्हणून तिच्या दारात पाच बायका बसलेल्या. त्या पोरीने केस वाळवायचं मशीन आमच्या वायरीवर लावलं. एक बाई झाली, दुसरी झाली, तिसरीला बाळाचं मशीन शिट्टी मारून बंद पडलं. मी वायर ओढली, पण बॅटऱ्या रिकाम्या त्या रिकाम्याच. थोड्या वेळाने लाईट आली. गल्लीने नेहमीसारखा आरडाओरडा केला, टाळ्या वाजवल्या. बाळाला काही झालं नाही.

तिताने रडत रडत स्वतःच वायर गुंडाळून नेली. रोज सूप पाठवते, दारात मात्र येत नाही. तिच्यावर रागावू नकोस, मीही रागावलेली नाही. ईस्टरला तू घेवड्याची गोड खीर करशील तेव्हा तिच्यासाठीही एक डबा ठेव.

तुझीच,
युदी

हे पत्र आईला वाचून दाखवणाऱ्याला हात जोडून सांगते, इथून पुढे मोठ्याने वाचू नका. बाळ निळं पडलं होतं. ओठ, नखं, सगळं. आता बॅटऱ्या दोन तासही टिकत नाहीत, आणि काल लाईट दीड तास गेली होती. माझा नंबर दिसला की फाउस्तो फोन उचलत नाही. गावाकडचा दिसला की आईला काही झालं असेल म्हणून लगेच उचलतो. नंबर पाकिटाच्या मागे आहे. त्याला सांगा, युदी म्हणते तुझंच खरं होतं. माफी मी समोर मागेन, पण तू आधी ये. दुकानापाशी फोन लागतो. आईला चहा करायला आत पाठवा आणि माझ्या भावाला आत्ता फोन लावा.