उजवीकडचे हृदय आणि तळाच्या फळीवरचे मासे

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, माशांच्या गर्भावर संशोधन करणारी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर ताईला. फक्त ताईला. भाऊजी "आपण विकून टाकू" म्हणतील. त्यांना विचारण्याची गरज नाही. कुलूप मी परवाच बदलले आहे.

२. प्रयोगशाळेत तळाच्या फळीवरच्या टाक्यांमधला माशांचा वाण मी तयार केला. तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्क करारानुसार माझा आहे. माशाच्या गर्भात हृदय आधी सरळ नळीसारखे असते. डाव्या बाजूला एक जनुक जागे होते आणि नळी तिकडे वळते. माझ्या वाणात ते कधी डावीकडे जागे होते, कधी उजवीकडे. त्यामुळे निम्म्या पिल्लांचे हृदय उलट्या बाजूला असते.

या पिल्लांची मी काढलेली छायाचित्रे सभेत दाखवताना विभागप्रमुख सरांनी सगळी हृदये डावीकडे आणली. "अगं, काही चित्रं उलटी पडली होती, मी सरळ केली." ही चूक की डाव, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मात्र तेव्हापासून "त्या टाक्या रिकाम्या कर" हा धोशा सुरू आहे.

वाण दुसऱ्या विद्यापीठातल्या बाईंना द्यावा. "माशाचं पोट आपल्याकडे आहे की पाठ?" हा प्रश्न सभेत त्यांनी एकट्यांनीच विचारला होता. ते कळल्याशिवाय चित्रातले डावे-उजवे ठरत नाही.

३. बारीक चिमटेही बाईंनाच. ते आधी सरांच्या टेबलावर शोधावेत.

४. माझे स्वतःचे हृदय उजवीकडे आहे, यकृत डावीकडे. आई म्हणायची, "पोटात होतीस तेव्हापासून तुझं आपलं उलटंच." सर म्हणतात, "आपल्या संग्रहाला मिळालं तर सोन्याहून पिवळं." मिळणार नाही. माझे काहीही बरणीत ठेवू नये.

५. आज सकाळी एक्स-रे काढणाऱ्याने माझी फिल्म प्रकाशपेटीवर लावली, पाहिली आणि फिरवून लावली. "सरळ केली, मॅडम." मी ती पुन्हा फिरवायला लावली. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत तो हसला. माणूस चांगला वाटला. सरही वाटतात. मी खोलीबाहेर पडल्यावर त्याने काय केले, मला माहीत नाही.

ताईला घर मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार मी विचार करून निवडले आहेत. पहिल्या साक्षीदार म्हणाल्या, "इतका अविश्वास?" मी म्हटले, "सहीच्या वर एक ओळ लिहा."

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. स्वहस्ते: "रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे. हृदय उजवीकडे. फिल्मवर विसंबून नाही, छातीला हात लावून पाहिले."

साक्षीदार २: भूल देणारे डॉक्टर. स्वहस्ते: "मीही."